पोट उघडं टाकून जेवायला जायचं नाही

आमच्या शरीररचनेच्या सरांनी जितकी माणसं आतून पाहिली तितकी बाहेरूनही कुणी पाहिली नसतील, आणि इंजेक्शनच्या सुईला ते जितके भितात तितकं पाच वर्षांचं पोरही भीत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत हे मला कळायला बरीच वर्षं लागली. विद्यार्थी होतो तेव्हा आमचा समज असा, की सर कुणाला भीत नाहीत आणि आपण सगळ्यांनी मिळून सरांना भ्यायचं असतं. ते काम आम्ही मनापासून केलं.

सर मूळचे वाशीमकडच्या अनसिंगचे. नोकरी सगळी दूरच्या जिल्ह्यात झाली, पण जिभेनं अनसिंग कधी सोडलं नाही. वर्गात पडदा लावून ते आम्हाला खऱ्या ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवत. "मुर्दा उगामुगा पडून राह्यते," ते म्हणत, "जित्या मानसाचं रगत वाह्यते. तिथं नस ओळखून दाखवा, मंग म्हना डॉक्टर." व्हिडिओ म्हटल्यावर कुणाला वाटेल, दिवे मालवून डुलकी काढायची सोय झाली. कसली डुलकी! चिमटा एखाद्या नळीपाशी पोचला रे पोचला की सर व्हिडिओ थांबवायचे आणि हातातला रिमोट बंदुकीसारखा कुणावर तरी रोखायचे. "मांगं काय हाये?" पडद्यावर दिसतं ते सांगितलेलं चालत नसे. "दिसते थे तं माही म्हातारी बी सांगन. दिसत नाई थे सांग." माझ्या शेजारी शिरपूरची एक मैत्रीण बसायची. रिमोट वर गेला की ती डोळे मिटून जप सुरू करी. सरांनी एकदा ते पाहिलं. "जप चालू ठेव," ते म्हणाले, "पन पयले नस सांग." तिला त्या दिवशी ना नस आठवली ना जप. माझं तर आसेगावहून आईनं पाठवलेलं लोणचंसुद्धा त्या तासाच्या दिवशी घशाखाली उतरत नसे.

अशानं चाळीस मिनिटांचं ऑपरेशन तीन-तीन दिवस चाले. त्यातही सरांची खरी तऱ्हा वेगळीच होती. पडद्यावरचा माणूस त्यांच्या लेखी खरोखर तिथं पडलेला असायचा. त्याच्यासमोर कुणी हसलेलं खपत नसे, आणि सर स्वतः चपला दाराबाहेर काढून आत येत. दिवसाचा धडा ते अशा जागी आणून थांबवत, की निदान रक्त तरी थांबलेलं असावं. आणि शेवटच्या दिवशी टाके पडायच्या आत जेवणाची घंटा झाली, कुणी वही मिटली, की सर गरजत, "असं पोट उघडं टाकून जेवाले जाता?" एकदा एका धीट मुलानं सांगून पाहिलं, की सर, हा पेशंट बरा होऊन केव्हाच घरी गेला. सरांनी रिमोट त्याच्यावर रोखला. "थो गेला असन घरी," ते म्हणाले, "तू अजून त्याच्या पोटातच हायेस." टाके पडेपर्यंत आम्ही उपाशी. मेसच्या मावशीही सरावल्या होत्या. आम्ही उशिरा पोचलो की भाकरी पुढं करत सरांच्याच बोलीत विचारायच्या, "आज कोनाचं पोट उघडं राह्यलं होतं?"

पुढं मी सर्जन झाले, वाशीमला आले. सरही निवृत्त होऊन अनसिंगला परतले आणि आठवड्यातून दोनदा वाशीमच्या कॉलेजात शिकवू लागले. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. तपासलं तर पित्ताशयात खडे. ऑपरेशन करू म्हटलं. सर म्हणाले, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं, मग तूर आली, तुरीमागं हरभरा. सरांचं शेत दीड एकर, पण त्या वर्षी ते पिकत होतं दीडशे एकरांएवढं. शेवटी एका दुपारी काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्यांना तापानं फणफणलेलं रिक्षात घालून आणलं. नर्सनं सुई काढली तसा सरांनी काकूंचा हात असा धरला, की काकूच ओरडल्या.

"सर, तुम्ही भिता?" मी विचारलं.

"बाकीच्या पेशंटले ठाऊक नसते आत काय हाये," सर म्हणाले. "मले एक-एक नस दिसून राह्यली, पोरी. थेच तं भेव हाये." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तूच कर."

ते आपल्याला नको म्हणतील तर बरं, असं मला मनातून वाटत होतं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना ऑपरेशनला घेतलं.

दुर्बीण आत घातली तर पित्ताशय सुजलेलं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. पित्ताशयाची नळी कापायची असते आणि तिला खेटून असलेली पित्ताची मुख्य नळी चुकूनही कापायची नसते. ती कापली की त्या माणसाचं सगळं आयुष्य नासतं. समोर एकच नळी दिसत होती, अगदी हवी तशी. मी कात्री पुढं नेली आणि हात थांबला. "मांगं काय हाये?" मी मोठ्यानं म्हणाले. सिस्टरनं घाबरून वळून पाहिलं. "मॅडम, मागं भिंत आहे." मी कात्री परत दिली. चिकटलेलं एकेक सोडवत गेले. वीस मिनिटांनी मागचं यकृत स्वच्छ दिसलं तेव्हा कळलं, की मघाची ती नळी मुख्यच होती; पित्ताशयाची तिच्या मागं लपली होती.

शुद्धीवर आल्यावर सरांनी पहिलं काय विचारलं असेल? "व्हिडिओ केला का?" केला होता. "मंग पोरायले दाखव."

महिन्याभरानं कॉलेजात दाखवला. सर माझ्याजवळ मागच्या बाकावर बसले, डोळे घट्ट मिटून, माझं मनगट धरून. बोटं किती बारीक झाली होती त्यांची! मी त्याच नळीपाशी व्हिडिओ थांबवून मुलांना विचारलं, मागं काय आहे. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मुलं दप्तरं उचलू लागली. मी सरांच्या गरजण्याची वाट पाहिली. सर गरजले नाहीत. नुसती मनगटावरची पकड घट्ट झाली.

मी उठून उभी राहिले. "असं पोट उघडं टाकून जेवाले जाता?"

माझा आवाज एवढा चढतो हे मलाही माहीत नव्हतं. मुलं मुकाट्यानं खाली बसली. शेवटचा टाका पडेपर्यंत कुणी हललं नाही.

"शिवलं का, पोरी?" सरांनी डोळे न उघडताच हळू विचारलं.

"शिवलं, सर."

मग त्यांनी डोळे उघडले, धोतराच्या सोग्यानं पुसले, आणि मनगट सोडत म्हणाले, "आता सोड त्यायले जेवाले."