टेम्पोतला पेन ड्राइव्ह

कॉम्प्युटरवर तयार ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, की सोर्स कोडपासून एकेक प्रोग्राम आपल्याच मशीनवर बांधून घ्यायचा? शहाणा माणूस पहिलं करतो. मी दुसऱ्याच्या नादी लागले होते. तेव्हा माझं घरून काम चालायचं, मुक्काम उत्रोलीत आई-आबांकडे, आणि भोरमध्ये घेतलेला जुना लॅपटॉप नुसता चालू करायचा म्हटलं तरी धापा टाकायचा. नवी सिस्टीम चढवायला बूट होणारा, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करता येतो असा पेन ड्राइव्ह लागतो, आणि घरात पेन ड्राइव्ह एकच होता. तो आबांच्या टेम्पोच्या टेपला लावलेला असायचा.

त्यात आईची गाणी होती. जयंतीला विहारासमोर ती भीमगीतं म्हणायची, ती कुणीतरी मोबाईलवर घेऊन त्यात भरून दिली होती. आबा भाताची पोती घेऊन भोंगवलीला जावोत की पुण्याला, गाडीत आईच गात असायची. आता पेन ड्राइव्ह बूटेबल करायचा म्हणजे त्यातलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं जाणार. हे सांगितल्यावर आबांचा चेहराच पडला.

“पूस गं,” आई म्हणाली. “म्या हाय न्हवं? पुन्यांदा म्हनीन.”

मी गाणी मोबाईलवर उतरवून घेतली. फाइली जशाच्या तशा आल्यात का, हे तपासायची कमांडही आबांना मोठ्या ऐटीत दाखवली. पडद्यावरची ती आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ बघून ते म्हणाले, “ह्यात गानं कुठं हाय? समदी ऐकल्याबिगर पुसायचं न्हाई.”

मला असा राग आला! तरी भर दुपारी मोबाईल टेम्पोला जोडून आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीनं बसलो. पहिल्याच गाण्याला आईनं तोंड वाकडं केलं. “घसा बसला हुता माजा.” पुढच्या गाण्यात, “ही टाळी कोन चुकीची वाजवतंय? तुमीच की वो!” आबा काचेबाहेर बघत राहिले. गाण्यात मागं खोकणारी बाई कोण, ते नुसत्या खोकल्यावरून आईनं ओळखलं. एका कडव्याला मात्र ती म्हणाली, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं. गाणी संपेपर्यंत टेम्पोची बॅटरी उतरली आणि धक्का मारायला अर्धी आळी गोळा झाली.

मग आबांनी आपल्या हातानं पेन ड्राइव्ह काढून दिला. लाइट येत-जात राहिली, सिस्टीम रडतखडत बांधून झाली आणि खरंच चालली. मी घरभर मिरवून घेतलं.

आई आता नाही. पुन्हा म्हणायचं राहूनच गेलं. गाणी सगळी शाबूत आहेत, आबा रोज लावतात. पण त्या दुपारी ती गाण्यांच्या मधेमधे जे बोलत होती, ते आम्ही कुणीच घेऊन ठेवलं नाही, आणि मला आता तेच ऐकायचंय.