बाहेरच्या डब्यावरची गोधडी

आई माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आली ती ऐन जूनमध्ये, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीत. आमचं घर लाकडी, जुनं; आत काय नि बाहेर काय, सारखाच गारठा. नातीला पायांवर घेऊन तेल लावायचं, अंघोळ घालायची, एवढ्यासाठी ती आली होती. पण मी पडले नर्स. असल्या थंडीत बाळाला उघडं करायचं नाही, असं फर्मान मी काढलं. पंधरा दिवस ती हातावर हात धरून बसली आणि एका सकाळी म्हणाली, परतीचं तिकीट अलीकडचं करून दे. थंडी सोसत नाही म्हणे. मला रडूच फुटलं. मला ती हवी होती.

नवऱ्याने त्याच आठवड्यात हीट पंप, म्हणजे खोली गरम करणारा एसीच, बसवून घेतला. बसवणाऱ्याने बजावलं, सारखा चालू-बंद करू नका, एकवीसवर ठेवा आणि विसरून जा. खोलीबाहेर पडताना बटण बंद करणाऱ्या घरात मी वाढले. विसरणं कसलं जमतंय! तरी संध्याकाळपर्यंत खोली छान उबली आणि उद्या अंघोळ असं ठरलं.

सकाळी खोली पुन्हा गार. मशीन नुसतं घरघरत होतं. नवरा बाहेर बघायला गेला आणि हसत परत आला. मशीनच्या बाहेरच्या डब्यावर आईची गोधडी होती, तीही सुतळीने करकचून बांधलेली.

आईचं म्हणणं सरळ होतं. पुण्यातला एसी गरम हवा बाहेर टाकतो. हा मेला गार टाकतोय, म्हणजे उलटा बसवलाय. "आणि तोही पोरीच्या खिडकीखाली. म्हणून झाकला."

नवऱ्याने समजावलं की हा बाहेरच्या हवेतलीच ऊब ओढून आत आणतो, विहिरीतून पाणी उपसावं तशी. म्हणून तर त्याला वीज कमी लागते. या हवेत कसली आलीय ऊब, असं पुटपुटत तिने सुतळी सोडली.

दुपारी खोली उबदार झाली. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली, माझी लेक तिच्या पायांवर, तेलाने चकचकीत, डोळे मिटून. इतकं सुख मी तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एजंटचा फोन आला. तिकिटाचं काय सांगू, मी विचारलं.

"आत्ता नको गं विचारूस," आई मान वर न करता म्हणाली. "हात तेलाचे आहेत माझे."