वाफ्याला किती माती लागेल

बाबांना मी याआधीही एकदा मेलेलं पाहिलं होतं.

मे महिना, झाशीचं ऊन. इलाइट चौकातल्या माझ्या ऑफिसातून लवकर घरी आले, तर बाबा अंगणात विटांच्या रिकाम्या वाफ्यात आडवे. डोळे मिटलेले.

आमच्या अंगणात हातभर खणलं की खडक लागतो. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी विटा रचून हा उंच वाफा बांधला होता. घरची मेथी हवी होती त्यांना. माती यायची होती अजून.

मी पर्स तिथेच टाकून धावले.

मग त्यांनी एक डोळा उघडला.

"घाबरू नकोस. माती किती लागेल ते बघतोय. मी पाच फूट तीन, डोक्यावर वीतभर जागा उरली. म्हणजे लांबी सहा. रुंदी तीन, खोली दीड. सत्तावीस घनफूट. थोडी जास्तच मागव, माती बसते."

मी रडत रडत हसले.

हात देऊन उठवलं, तेव्हा त्यांच्या खिशात मेजरिंग टेप दिसला.

जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मोजमापं घेतलेला माणूस. टेप असताना अंगाने कशाला मोजेल?

माझी नजर कुठे गेली ते त्यांना कळलं.

"अंधारी आली गं जरा," ते म्हणाले. "डॉक्टरकडे येतो. पण वाफा बंद करू नकोस."

हार्टचं निघालं. वाफा बंद नाही केला, माती मागवून भरून घेतली.

रोज दुपारी मी ऑफिसातून फोन करायचे. बरे आहात ना विचारलं की बाबा चिडायचे, मी काय कुक्कुलं बाळ आहे का म्हणून. मग मी मातीचंच विचारायला लागले. किती बसली, अजून घालायची का?

ते उठून टेप लावायला जायचे. तेवढा वेळ मी फोन कानाला घट्ट धरून बसलेली, समोर डबा तसाच.

"अर्धा इंच बसली," असं ऐकू आलं की घास घशाखाली उतरायचा.

आज फोन नुसता वाजत राहिला.

परत केला. परत केला.

शेवटी शेजारच्या भैयांना जाऊन बघायला सांगितलं. ते गेले. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला.

"दीदी, आप बस आ जाइए."

ऑटो करून घरी आले.

बाबा पलंगावर होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

तुमचे सगळ्यांचे फोन येतायत, दिसतायत. राग मानू नका, उचलायची हिंमत होत नाहीये, म्हणून इथे ग्रुपवर लिहितेय.

आणि उद्या दुपारी मी कुणाला फोन करू, याची फार भीती वाटतेय.

बाबा, नमस्कार करते.