चिठ्ठीवरचा अशक्तपणा

असल्फ्याची टेकडी अर्धी चढून झाली तेव्हा माणिकला धाप लागली. ओठांत रामनाम चालूच होतं. पुढं चाललेल्या सुगंधाबाई मागं न बघताच म्हणाल्या, "पार्ल्याच्या माणसांना चढ दिसला की देव आठवतो. पाय उचल गो!"

घाटकोपर स्टेशनपासून दोघी चालत आल्या होत्या. बसची वाट बघायला सुगंधाबाई तयारच नव्हत्या. वर, टेकडीच्या टोकाला, जयंतीची खोली होती. ती जिवंत आहे ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

सुगंधाबाई घाटकोपरच्या एका दवाखान्यात आया होत्या. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा गिरणीतला, संप झाल्यापासून दोन वर्षं घरीच. शाळा चौथीपर्यंत, त्यातली सहीपुरती अक्षरं उरलेली. बायकांच्या वॉर्डात बावीस वर्षं त्यांनी बेडपॅन उचलली. जीव द्यायला निघालेली एखादी बाई वॉर्डात आली, की त्या तेलाची बाटली घेऊन तिचे केस विंचरायला बसत. पाठमोरी बसलेली बाई बोलते, असा त्यांचा अनुभव. डॉक्टरांना दोन दिवसांत कळत नसे ते त्यांना एका वेणीत कळायचं.

जयंतीही बोलली होती. "मावशी, घरी पाठवलंत तर मी पुन्हा तेच करीन."

सुगंधाबाईंनी ते जाऊन वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना सांगितलं. पण डॉक्टर मानसोपचाराच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला बसले, तशा त्याच आडव्या आल्या. जीव द्यायचा प्रयत्न म्हणजे तेव्हा गुन्हा. "तसं लिहू नका हो. हवालदार दारात उभा राहिला तर सासू हिला घरात घ्यायची नाही." डॉक्टरांनाही दया आली. त्यांनी लिहिलं: अशक्तपणा, झोप नाही.

शुक्रवारी ती चिठ्ठी घेऊन सासूनं जयंतीला मानसोपचाराच्या त्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं केसपेपरच्या खिडकीत माणिक बसायची. नव्या पेशंटांचा त्या दिवशीचा आकडा भरला होता. अशक्तपणा वाचून माणिक म्हणाली, "घाईचं काही नाही, मंगळवारी या." सासूला हायसं वाटलं. जयंती तिच्या मागोमाग निघाली. माणिकला आता तिचा चेहराही आठवत नव्हता.

आज मंगळवार. चिठ्ठीचं पुढं काय झालं ते बघायला अर्धी रजा टाकून सुगंधाबाई खिडकीशी आल्या होत्या. "जयंती इली काय?" माणिकनं रजिस्टर दोनदा चाळलं. नाव नव्हतं. मग कागदावर जे नव्हतं ते सुगंधाबाईंनी तोंडी सांगितलं, आणि माणिकनं खिडकी लावून पायांत चपला सरकवल्या.

खोलीला कुलूप होतं. शेजारची सोनूबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कोण तुम्ही?"

"दवाखान्यातून आलोय. जयंती..."

"रविवारीच नेली तिला. पुन्हा तेच केलं. घरचे गावाला गेले दिवस करायला." मग जरा थांबून तिनं विचारलं, "शुक्रवारी गेली होती की ती तुमच्याकडं. मग?"

सोनूबाईनं पाणी आणून दिलं. तांब्या हातात धरून सुगंधाबाई उंबऱ्याशी बसून राहिल्या. माणिकनं मनातल्या मनात रामाचं नाव घ्यायला घेतलं, पण ते पुढं सरकेना.

दोघी टेकडी अर्धी उतरल्या. मग सुगंधाबाई थांबल्या.

"तुका लिवता येता. तुझ्या मोठ्या डॉक्टरांना पत्र लिही."

"काय लिहू?"

"झाला तसा. मी खोटं लिहायला लावलं. तू वाचलंस नि परत पाठवलंस. लिही, अशी बाई असली की चिठ्ठी तिच्या सासूच्या हातात देऊ नका, आमच्यातलं कुणीतरी बरोबर धाडा. मी जाईन. तोंडानं सांगायचं ते मी त्या डॉक्टरांच्या कानात सांगेन. आणि खिडकीतून तिला माघारी पाठवू नका. नाही आली तर त्याच दिवशी घर गाठा. चार दिवस थांबू नका."

"सुगंधाबाई, नोकरी जाईल. दोघींची."

"जाईल. घरात दोन वर्षं एक बसलाच आहे, दुसरी बसेल." त्या हसल्या नाहीत. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "त्या पोरीचं नाव मात्र घालू नकोस गो. माझं घाल. पुरं घाल."