मुठीचं माप

दयाराम मेश्राम मूळचा भंडाऱ्याकडचा. रायपूरजवळच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये लोखंड लाटता लाटता डोक्यावरचे केस गेले, पण लोखंडाची भूक काही मिटली नाही. ड्यूटी सुटली की भनपुरीतल्या घरामागं त्याची स्वतःची भट्टी पेटायची. आजूबाजूचे गॅरेजवाले ट्रकच्या मोडक्या कमान्या, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, टाकून द्यायचे, हा त्यांचे कोयते नाहीतर सुऱ्या करायचा. जाड तेच टिकते, एवढंच त्याचं शास्त्र. त्याच्या सुरीनं वांगं धड चिरलं जात नसे, पण उलटी धरून खुंटा मात्र झकास ठोकता येई.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, भरत्या निघाल्या. पोरगी रीना वनरक्षक झाली अन् तिला बारनवापाऱ्याकडचं जंगल मिळालं. दयारामची छाती फुगली. पण एकटी पोट्टी, रानात फिरणार. बापाजवळ द्यायला दुसरं काय होतं? त्यानं तिच्यासाठी सुरी घडवली. शाळेतल्या दोन पाट्या एकावर एक ठेवाव्या एवढी तिची पाठ जाड, मूठ सागवानाची, पंजात गच्च बसणारी.

"हत्ती बसला तरी मोडत नाही," तो म्हणाला.

"हाथी चाकूवर काहून बसंन, बाबा?" रीना हसली आणि सुरी घेऊन गेली.

पुढच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा कमरेला भलतीच सुरी. बाजारातली, पत्र्यासारखी पातळ, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. बापाची सुरी पिशवीच्या तळाशी होती. त्यानं लावून दिलेलं तेलही तिच्यावरून पुसलं गेलं नव्हतं.

दयारामनं बाजारातली सुरी उपसली. टोक गायब.

"हे कसं तुटलं?"

"टोक खुपसून खुंटा उपसून राहिली होती."

"पाह्य! म्या काय म्हनलं होतं? रानात असं मोडलं तर कोनाले हाक मारशीन?"

"हव, तुटलं. पन दिवसभर काम तर झालं. तुमच्यावाल्या सुरीनं दोन वेली तोडल्या की हाथ जाम." तिनं तळवा पुढं केला. फोड फुटून साल निघाली होती. "घ्या, तुम्हीच छिला."

कडुनिंबाची ओली फांदी तिनं बापापुढं टाकली. दयारामनं आपली सुरी लावली. ती पाचरीसारखी लाकडात रुतली आणि फांदी उभी उलली. मग रीनानं ती टोक तुटलेली चालवली. सालीच्या पट्ट्या वेटोळी घेत खाली पडल्या.

"तुह्या हाती जोर नाही," तो पुटपुटला.

कलावती, म्हणजे रीनाची माय, ओसरीवर कणीक मळत होती. तिच्यानं राहवलं नाही. "बांगड्या घेतो तवा पोरीच्या हाताचं माप घेतो ना? मंग सुरीले कोनाचं माप घेतलं? सोताचं?"

दयारामनं रीनाच्या हातात आपली सुरी देऊन मूठ आवळायला लावली. तिची बोटं मुठीला पुरा वेढाच घालत नव्हती. मग तो उठला आणि परातीतला गोळा उचलून त्यानं तिच्या हातात कोंबला.

"दाब. जशी सुरी धरतं तशी."

"माही कनिक!" कलावती ओरडली.

"दोन पोया कमी खाईन मी."

त्या गोळ्यावरून त्यानं नवी मूठ घासली. बारीक, मधी किंचित फुगीर. नव्या पात्याची पाठ एका पाटीएवढीच ठेवली आणि तिथून धारेकडं दोन्ही अंग घासत पातळ करत नेलं. मुठीच्या जरा पुढं बोटावर ठेवली तर सुरी ना इकडं झुकली ना तिकडं. तरी मन मानेना. टोक वाइसच्या जबड्यात आवळून त्यानं सारं अंग टाकून ओढलं. पातं वाकलं. सोडलं, तर पुन्हा सरळ.

"तुमच्यापेक्षा बरी हाय," कलावती म्हणाली. "तुम्ही तर वाकतच नाही."

रीनानं फांदी छिलून पाहिली, खुंटा उपसून पाहिला. चांगली म्हणाली नाही, वाईटही नाही. कमरेला बांधून गेली. त्यानंतर दयाराम ट्रकांच्या गर्दीतही त्या सुरीचाच विचार करत सायकल चालवायला लागला. कोणी बोललं तर ऐकू येत नसे.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा त्यानं पाणीही न विचारता आधी कमरेकडं पाहिलं. म्यान चिखलानं माखलेलं. सुरी ओढली तर पातं वेलींच्या चिकानं काळं पडलेलं, टोक शाबूत.

"साफ काहून नाही केली?" तो गुरगुरला, पण मिशीत हसू होतं.

"टाइम कुठं भेटते? जिले पाहावं ते मागून राहिली." रीनानं पिशवीतून गमछा सोडला. आत वाळलेल्या मातीचे दोन गोळे, त्यावर बोटांचे खोल ठसे. "ही पद्मिनी दीदीची मूठ. ही विमलाची. दोघी माह्यासंगच रानात गार्ड हायेत. म्हनल्या, तुह्या बाबाले आमचीबी बनवाले सांग."

दयारामनं एक गोळा उन्हात धरला. ठशांमधून आपलं जाडजूड बोट फिरवलं.

"हिची करंगळी वाकडी हाय का वो?"

"हव. लहानपनी झाडावरून पडली होती."

"मंग इथं जरा खोल घ्या लागंन," तो म्हणाला आणि भट्टीकडं निघाला.