पाठीचं माप

मास्तरांनी तीस वर्षं गल्लीची मापं घेतली. कुणाची कंबर कधी सुटली हे त्यांना त्याच्या बायकोआधी कळायचं. पण तोंडात टाचण्या असल्यामुळे गुपित बाहेर पडत नसे. स्वतःची बायको गेल्यापासून घरात आवाज करायला उरलं होतं फक्त मशीन, तेही तेल संपल्यावर.

रक्ताचा आजार उलटला आणि स्टेम सेल प्रत्यारोपण ठरलं. पेशी त्यांच्याच, काढून ठेवायच्या, मग परत घालायच्या.

"म्हणजे उसवून पुन्हा शिवायचं," मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "उसवताना जपा. कापड एवढंच आहे."

पाच आठवडे एकट्याची खोली. हातात यादी मिळाली. छातीत नळी बसणार, म्हणून पुढून उघडणारे सुती सदरे सहा. फुलं आणू नयेत. ही अट मास्तरांच्या बाबतीत न सांगताच पाळली जाणार होती. खाली रकाना होता: घरी सोडल्यावर सोबत राहणाऱ्याचं नाव आणि नातं. तो भरल्याशिवाय तारीख नाही.

पुतण्या फोनवर म्हणाला, "बघतो, काका." या 'बघतो'चा अर्थ मास्तरांना कुणी सांगायला नको होता. तेही गिऱ्हाइकांना तीस वर्षं 'मंगळवारी देतो' म्हणत आले होते.

रकाना कोरा ठेवून ते सदरे बेतायला बसले. आजाराने अंग इतकं उतरलं होतं की जुना सदरा मापाला चालेना. गळा, छाती, बाही मोजून झाली. पाठ मात्र मोजता येईना. एका खांद्यावर टेप धरली की दुसऱ्यावरून सुटायची. खुंटीला अडकवून पाहिली, दाराला पाठ लावून पाहिली.

शेवटी टेप गळ्यात घालून त्यांनी रस्ता ओलांडला. पलीकडे दुसरं शिंप्याचं दुकान. मालकाला मास्तर 'समोरचे' म्हणत, आणि मालक मास्तरांना तेच. वीस वर्षांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

"पाठ मोजून द्या. इस्पितळात न्यायला सहा सदरे बेतायचेत."

"टेप स्वतःची आणलीत?"

"तुमची ताणलेली असते."

समोरच्यांनी टेप लावली. खांद्याची हाडं बोटांना लागली तशी त्यांची कुरबुर थांबली. त्यांनी तीनदा मोजलं. आकडा तोच येत होता. मास्तर हलले नाहीत. सुई टोचण्याखेरीज त्यांच्या अंगाला कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

"साडेपंधरा. सदरे मी शिवतो. सहा आत्ताच्या मापाचे. घरी आल्यावरचे वेगळे लागतील."

"ते माप कोण घेणार?"

"तुम्हाला जमतं का? नाही ना. मग मीच येऊन राहीन, रोज मोजीन."

मास्तरांनी खिशातून कागद काढला. "नातं काय लिहू?"

"लिहा, समोरचे."

तारीख मिळाली. समोरच्यांची पाळी पाच आठवड्यांनी. तोवर आत एकट्यानेच राहायचं होतं. निघायच्या सकाळी मास्तरांनी मशीनवर चादर घातली, शटर ओढलं आणि चिठ्ठी चिकटवली: 'राहिलेले कपडे मंगळवारी मिळतील.'

कोणत्या मंगळवारी, ते लिहिलं नाही.