चाचणीच्या विमानातल्या खुर्च्या
परवा इथे आखातात, अल अझीझिया भागात मित्राच्या नव्या गाडीत बसलो आणि कोऱ्या चामड्याच्या वासाने डोकंच फिरलं. काही वर्षांपूर्वी वेस्ट बेमधल्या एका प्रदर्शनासाठी आम्ही जुनं विमान सजवत होतो, आवाजापेक्षा वेगाने उडणारं, पण फक्त चाचण्यांसाठी बनवलेलं. आत खुर्च्या नव्हत्याच, नुसती मापयंत्रांची कपाटं. एकावर कुणा मेकॅनिकने पेन्सिलने लिहिलेलं, 'सुई अडकते, टिचकी मारा.' मॅनेजर म्हणाला, "यल्ला, चलो, ये कबाड़ निकालो, सीटें लगाओ." मी भडकलो, "सर, इसमें कभी पैसेंजर बैठा ही नहीं!" "पब्लिक को क्या पता?" उद्घाटनाला लोक कोऱ्या चामड्याच्या त्या मऊ खुर्च्यांत बसून फोटो काढत होते. त्या मॅनेजरला मी अजून शिव्या घालतो. पण त्या कपाटाचे स्क्रू काढले होते मीच.